हुंडीमागचा विश्वास

हुंडी म्हणजे एका सावकाराने परगावच्या दुसऱ्या सावकाराला लिहिलेला कागद: अमुक रक्कम अमुक माणसाला द्यावी. बँका येण्याआधी पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, वर हुंडणावळ द्यायची आणि सुरतेच्या किंवा काशीच्या पेढीवर हुंडी वटवून घ्यायची, अशी रीत होती. नाण्यांच्या थैल्या चोरवाटांनी न्याव्या लागत नसत. कागद दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीने मिळत ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. चोराला तिचा फारसा उपयोग नसे.

हा विश्वास भाबडा मुळीच नव्हता. हजाराच्या हुंडीत रक्कम लिहून वर ‘निमे पाचशेचे दुप्पट’ असेही जोडत, म्हणजे आकड्यात खाडाखोड करायला वाव उरत नसे. सूचनेचे पत्र वेगळे जाई. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, पेठही हरवली तर परपेठ लिहून मिळे. एवढे करूनही भिस्त शेवटी पेढीच्या नावावरच. हुंडी न वटता परत आली, की त्या नावाची बाजारातली किंमत उतरली.

पेढीच्या नावाचे हे मोल कथा ऐकणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच संतकवी नरसी मेहतांच्या हुंडीची कथा गुजरातबाहेरही रुजली. महिपतींच्या १७६२ मधल्या ‘भक्तविजया’तही नरसींचे चरित्र आहे. कथा अशी: द्वारकेच्या यात्रेकरूंना सातशे रुपयांची हुंडी हवी होती. जुनागढच्या टवाळखोरांनी त्यांना कफल्लक नरसींकडे धाडले. नरसींनी शामळशा शेठच्या नावे हुंडी लिहिली. द्वारकेत त्या नावाची पेढीच नव्हती. कृष्णाने शेठ होऊन पैसे मोजले. यात्रेकरूंनी ज्याच्यावर विसंबायचे त्याला बाजारात कवडीची पत नाही, आणि तो विसंबला आहे देवावर. श्रद्धा आणि सावकारी एकाच कागदावर आणणारी ही कथा चमत्कारापेक्षा या रचनेमुळेच अधिक पकड घेते.

पुढे १८८१ मध्ये चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा झाला. हुंडीसारख्या देशी भाषांतल्या कागदांबाबतचे स्थानिक रिवाज त्याने पहिल्याच कलमात कायम ठेवले. जोखमी हुंडीला तर त्या रिवाजाचाच आधार. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळत, त्यामुळे ती हुंडीही होती आणि विमाही. पण देणे असे अटीवर अवलंबून असल्याने कायद्याच्या व्याख्येत ती बसत नव्हती.