घरगुती ध्वनिमुद्रण आणि प्लगइनचे सांधे

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीहून बेलवाडी, अंथुर्णे, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुराकडे जाते. त्या वाटेच्या आसपास, शेळगांवसारख्या गांवीं, एखादा तरुण आज घरांतल्याच खोलींत अभंगाचें मुद्रण करूं शकतो. संगणक, एक मायक्रोफोन आणि घुमारा मोडण्यासाठीं भिंतीला टांगलेली गोधडी एवढी सामग्री त्याला पुरते. टाळ, पखवाज आणि गळा खरा असतो. मागें झंकारणारा तानपुरा आणि गळ्याला चढविलेला गाभाऱ्याचा घुमारा मात्र बहुधा ‘प्लगइन’ नांवाच्या लहानशा सॉफ्टवेअरनें उत्पन्न केलेला असतो.

प्लगइनला आश्रय देणारें एक मोठें सॉफ्टवेअर लागतें. क्यूबेस, रीपर, लॉजिक, प्रो टूल्स हीं त्यांतलीं कांहीं. हा संबंध शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. ट्रॅक्टर एक, त्याच्या मागें आज नांगर, उद्यां रोटाव्हेटर, परवां पेरणीयंत्र. हें जमतें, कारण ट्रॅक्टरच्या मागील तीन सांध्यांचीं मापें ठरलेलीं असतात. सांधा जुळला नाहीं, तर फाळ कितीहि तीक्ष्ण असो, नांगर बांधावरच पडून राहावयाचा. प्लगइनचा ‘फॉरमॅट’ म्हणजे असा सांधा होय. नाद गोड कीं कर्कश, हें त्यावरून ठरत नाहीं. एका फॉरमॅटचा तानपुरा दुसऱ्याहून गोड वाजतो, असें सांगणाऱ्या विक्रेत्याकडे खुशाल दुर्लक्ष करावें.

या सांध्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध तो व्हीएसटी. जर्मनींतील हॅम्बुर्ग येथील स्टाइनबर्ग कंपनीनें तो १९९६ सालीं काढला. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीनें नुसते घुमारे नव्हे, तर वाद्येंहि जोडतां येऊं लागलीं. २००८ मध्यें तिसरी आवृत्ति आली. ॲपलच्या संगणकांचा सांधा ऑडिओ युनिट्स हा होय, व लॉजिक आणि गॅरेजबँड हीं सॉफ्टवेअरें तेवढाच ओळखतात. प्रो टूल्सनें २०१३ पासून एएएक्सखेरीज दुसऱ्यास दार बंद केलें. लिनक्सवाल्यांचा एलव्ही-२ आहे. २०२२ मध्यें बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही या दोन संस्थांनीं ‘क्लॅप’ नांवाचा सर्वांस मोकळा असा सांधा पुढें आणला. कोणाहि एका कंपनीच्या परवान्यावर निर्मात्यांनीं अवलंबून राहूं नये, हा त्यांतील एक हेतु. पुढें २०२५ सालीं स्टाइनबर्गनेंहि व्हीएसटी-३ मोकळ्या परवान्याखालीं दिला. स्पर्धेनें असें कधीं कधीं भलें होतें.

आपल्या संगीताच्या दृष्टीनें खरी अडचण निराळीच आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली, आणि १९७१ पर्यंत ती उठली नाहीं. हार्मोनियमचे बारा स्वर जागचे हलत नाहींत, त्यांवर मींड निघत नाहीं, हा तेव्हांचा मुख्य आक्षेप. १९८३ मध्यें संगणकीय वाद्यांसाठीं मिडी नांवाची जी सांकेतिक भाषा ठरली, तिच्या मुळाशींहि पियानोच्या पट्ट्याच आहेत. १२८ स्वर क्रमांकानें मोजलेले! स्वर वांकविण्याची सोय तींत आहे खरी. परंतु एका वाहिनीवर दोन स्वर वाजत असतां एकास वांकवूं गेलें तर दुसराहि वांकतो. तरफांवर झंकार चालू असतां बाजाच्या तारेवर मींड घेणाऱ्या सतारियाचें तेथें काय चालणार? व्हीएसटी-३ मध्यें २०११ पासून, आणि क्लॅपमध्यें आरंभापासूनच, प्रत्येक स्वरास स्वतंत्रपणें हलविण्याची सोय आहे. मात्र प्लगइन करणाऱ्यानें ती वापरली पाहिजे. फॉरमॅटची निवड ज्या थोड्या ठिकाणीं कलेपर्यंत पोंचते, त्यांतील हें एक ठिकाण. (मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ज्याला प्लगइनमधील तानपुऱ्याचें कौतुक वाटतें, त्यानें एकदां तेथील कारागिराकडे बसून जवारी लावतांना ऐकावी.)

आतां नुकसानीची गोष्ट. स्टाइनबर्गनें २०१८ सालीं व्हीएसटी-२ साठीं नवे परवाने देणें थांबविलें, आणि २०२२ मध्यें आपल्या सॉफ्टवेअरमधून त्याचा आधार काढून घेण्याचें जाहीर केलें. ॲपलनें २०१९ पासून ३२ बिटांचीं सॉफ्टवेअरें चालविणेंच सोडून दिलें. परिणाम असा कीं, दहा वर्षांपूर्वीं रचलेलें गाणें नव्या संगणकावर उघडावें, तर गळा ऐकूं येतो, पण तानपुऱ्याच्या जागीं नुसतें रितें नांव दिसतें. संगणकांत तानपुऱ्याचा नाद सांठविलेला नसतोच. ‘अमुक प्लगइननें तमुक स्वर वाजवावा’ एवढी आज्ञा सांठविलेली असते. आज्ञा पाळणाराच गेल्यावर आज्ञेचा उपयोग काय? गाणारे म्हातारबोवा हयात नसतील, तर तें मुद्रण पुनः करतांहि येत नाहीं.

म्हणून गाणें पुरें होतांच प्रत्येक वाद्य आणि गळा निरनिराळ्या डब्ल्यूएव्ही फाइलींत उतरवून ठेवावा. सेकंदास ४८,००० नमुने आणि २४ बिटांची खोली पुरेशी आहे. सर्व फाइली गाण्याच्या एकाच आरंभबिंदूपासून सुरू कराव्या, म्हणजे पुढें कोणत्याहि सॉफ्टवेअरमध्यें त्या आपोआप एकमेकींशीं जुळतात. गळ्याच्या दोन प्रती ठेवाव्या, एक घुमाऱ्यासह आणि एक कोरी. प्लगइनचें नांव, फॉरमॅट आणि आवृत्ति वहींत टिपून ठेवावी. फुकट मिळणारे चोरीचे प्लगइन मुळींच घेऊं नयेत. त्यांबरोबर विषाणु येतो, आणि आवृत्ति बदलली कीं दाद मागावयास निर्माता नसतो. नवा प्लगइन विकत घेण्यापूर्वीं आपलें सॉफ्टवेअर कोणता सांधा स्वीकारतें तें पाहावें, आणि बहुतेक निर्माते परीक्षणासाठीं जी प्रत देतात, ती आपल्याच संगणकावर एका जुन्या गाण्यांत लावून ऐकावी.