सोन्यासाठीं वसलेलें गांव



ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या पश्चिमेस सुमारें ११० किलोमीटरवर बॅलरट हें शहर आहे. १८५१ सालीं तेथें सोनें सांपडलें, आणि मेंढरांच्या कुरणांत बघतां बघतां तंबूंचें नगर उठलें. त्याची हुबेहूब प्रतिकृति म्हणून १९७० सालीं 'सॉव्हरिन हिल' हें संग्रहालय उघडलें. कांचेच्या कपाटांत वस्तू मांडण्याची येथें रीत नाहीं. रस्त्यांतून घोडागाड्या धांवतात, लोहार ऐरणीवर घाव घालतो, आणि घोळदार झग्यांतील स्त्रिया आपणांस त्या काळच्या बाजारभावाच्या गोष्टी सांगतात.

ओढ्याकांठीं हातांत पत्र्याची थाळी मिळते. वाळू व पाणी घेऊन ती फिरवीत राहावयाचें. सोनें वाळूहून सुमारें सातपट जड. म्हणून वाळू कडेवरून वाहून जाते आणि तें तळाशीं बसतें. सांपडेल तें घरीं न्यावें! अर्ध्या तासांत माझी कंबर धरली आणि मिळालेला कण मोहरीहूनहि लहान होता.

मूळच्या खणणाऱ्यांना एवढीहि मोकळीक नव्हती. सोनें मिळो वा न मिळो, सरकारी परवाना घ्यावाच लागे. आरंभीं त्याची फी दरमहा ३० शिलिंग होती. परवाना जवळ नसला कीं शिपाई पकडून नेत. संग्रहालयांत तांबड्या डगल्यांचे शिपाई बंदुकीचे बार काढतात तेव्हां मुलें टाळ्या पिटतात. पण ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे याच शहरांत, युरेका येथें, ओंडक्यांच्या आडोशामागें जमलेल्या लोकांवर खऱ्या गोळ्या सुटल्या. वीसाहून अधिक खणणारे मेले. राजद्रोहाचे खटले झाले ते तेरा जण मात्र ज्यूरीनें निर्दोष सोडले, आणि १८५५ सालीं जुलमी परवाना जाऊन वर्षास एक पौंडाचा हक्कलेख आला. त्याबरोबर मतहि मिळालें.

त्याच वर्षीं व्हिक्टोरिया सरकारनें येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला! तो चुकविण्यासाठीं हजारों चिनी शेजारच्या वसाहतींत, रोब बंदरीं उतरून शेंकडों किलोमीटर पायीं आले. त्यांची वस्तीहि येथें उभारली आहे. मीं गेलों तेव्हां तेथें फारसें कोणी नव्हतें.

आणि ही भूमि मुळांत ज्यांची, ते वाडावुरुंग लोक? सोन्याच्या गर्दींत त्यांचीं शिकारीचीं रानें गेलीं. तरीहि पॉसम नांवाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या उबदार शाली शिवून ते खणणाऱ्यांना विकीत. बॅलरटचा हिवाळा कडक असतो, आणि तंबूंत त्या शालींना चांगली मागणी असे.