शिक्षणाचे पैसे : चार खिडक्या, एक कागद

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पहिला प्रश्न "कुठे प्रवेश मिळेल?" हा नसतो, "किती लागतील?" हा असतो. त्याचं नेमकं उत्तर घरात कुणाकडेच नसतं. मग मुलगा असेल तर मामूकडून, शेजाऱ्यांकडून उसने घेतले जातात. मुलगी असेल तर "जवळच्या कॉलेजात बी.ए. कर" असं ठरून जातं. कॅप राउंडमध्ये जागा मिळाली तर ती स्वीकारायला मोजके दिवस असतात आणि तेवढ्या दिवसांत हिशेब जमत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, शिक्षणतज्ज्ञ नाही. पण अशा वेळी पैशांइतकीच माहितीही कमी पडते, एवढं मी पाहिलं आहे.

2015-16 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी विद्यालक्ष्मी कार्यक्रम जाहीर केला होता. शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज या दोन्ही योजना एकाच संगणकीय व्यवस्थेतून चालवायच्या, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पोर्टल सुरू झालं. एकच अर्ज भरून तीन बँकांकडे पाठवता येऊ लागला, ही चांगलीच सोय झाली. पण शिष्यवृत्तीच्या बाजूला मिळाली ती मुख्यतः राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलकडे जाणारी लिंक. तुझ्या कोर्सला एवढा खर्च, त्यातले एवढे शिष्यवृत्तीतून, एवढे माफ, उरलेल्याचं कर्ज, असं एका पडद्यावर विद्यार्थ्याला आजही दिसत नाही.

आज महाराष्ट्रातल्या मुस्लिम विद्यार्थ्यासमोर निदान चार खिडक्या आहेत. केंद्राच्या शिष्यवृत्त्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. राज्याच्या योजनांसाठी महाडीबीटी. बँकेच्या कर्जासाठी विद्यालक्ष्मी. त्यात 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 'पीएम-विद्यालक्ष्मी' नावाची योजना आली, म्हणजे नाव जवळजवळ तेच आणि योजना वेगळी. चौथी खिडकी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची, जिथे शैक्षणिक कर्ज बँकेपेक्षा बऱ्याच कमी व्याजाने मिळतं. चारही ठिकाणी उत्पन्नाची अट वेगळी, तारखा वेगळ्या.

खिडक्या चार असण्याचा मला तितकासा त्रास वाटत नाही. त्रास याचा आहे की एका खिडकीवरचं उत्तर दुसऱ्या खिडकीवरचं गणित बदलतं आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

एक हिशेब करू. चार वर्षांचा कोर्स आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख कर्ज उचललं आणि व्याज 10 टक्के सरळ आहे, असं समजा. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. म्हणजे पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. बेरीज 1 लाख 40 हजार. पहिला हप्ता भरायच्या आधीच चार लाखांचे 5 लाख 40 हजार झाले. आता कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल आणि संस्था मान्यताप्राप्त यादीत बसत असेल, तर या काळातलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. चार लाख चारच राहतात. उत्पन्न त्याहून जास्त पण आठ लाखांपर्यंत असेल आणि कॉलेज पीएम-विद्यालक्ष्मीच्या यादीत असेल, तर 3 टक्के सवलत आहे. आपल्या उदाहरणात ती 42 हजार होते. पण ही सवलत दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र नसणाऱ्यांसाठी आहे. वर्षाला 25 हजारांची शिष्यवृत्ती मिळू शकत असेल तर चार वर्षांत एक लाख होतात. एक लाख आणि बेचाळीस हजार यांत काय निवडायचं हे पाचवीतलं पोरही सांगेल, पण दोन्ही आकडे एका ठिकाणी दिसले तर.

याहून मोठी गफलत फीच्या बाबतीत होते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, प्रवेश कॅपमधून असेल तर. बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी असे आपल्यातले कितीतरी समाज ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढलेला नसतो, कारण "आपल्याला कुठली जात?" असं अब्बू म्हणतात. यादीत नसलेल्यांना ईडब्ल्यूएसचा मार्ग आहे. जी फी माफ होणार आहे तिच्यासाठी कर्ज काढायचं किंवा मुलीचं नाव मागे घ्यायचं, या दोन्हींसारखं वाईट काही नाही.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत येतोच. सूद नको म्हणून बँकेची पायरीच न चढणाऱ्या घराशी वाद घालायला मी आलेलो नाही. पण अशा घराला तर माफी आणि शिष्यवृत्तीची माहिती सगळ्यांत आधी हवी. कर्ज लागणार की नाही, आणि लागलं तर किती, हे त्याशिवाय ठरतच नाही. "कर्ज नको" म्हणजे "शिक्षण नको" असा अर्थ निघू नये, इतकंच माझं म्हणणं.

शिळ्या माहितीपासूनही जपा. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची 'पढो परदेश' योजना आणि पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिप, दोन्ही 2022-23 पासून बंद झाल्या. त्यांचे व्हिडिओ मात्र अजून फिरतात. योजना ऐकली की व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलण्याआधी चालू वर्षाची अधिकृत सूचना पाहा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. यंत्राला 'मोहम्मद' आणि 'एमडी' ही एकच व्यक्ती आहे हे कळत नाही. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. शेख तर इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. जुळणी फसली की अर्ज अडकतो. शिवाय शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही सांगितलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेलं खातं धरलं जातं. ते कोणतं हे आधारच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं. उत्पन्नाचा दाखला आणि नावातली दुरुस्ती ही कामं निकालाआधी, मार्च-एप्रिलमध्येच उरकून घ्या. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते.

अमेरिकेत विद्यार्थी एका लॉगिनमध्ये सरकारकडून मिळालेलं अनुदान आणि कर्ज दोन्ही पाहतो. तिथेही खाजगी कर्ज त्यात दिसत नाही, आणि 2023 मध्ये त्यांचा नवा मदत-अर्ज तीन महिने उशिरा सुरू झाला. तेव्हा तिथे सगळं सुरळीत आहे असं नाही. पण आपल्याकडेही आधार आहे, दाखल्यांचे क्रमांक आहेत, कॉलेजांच्या फीचे आकडे आहेत. हे जोडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. खाती वेगवेगळी आहेत आणि जोडून देणं कुणाचंच काम नाही, इथे गाडी अडते. प्रवेश पक्का करायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला असा एकत्र हिशेब मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर तो कागद आपणच करायचा. मागच्या टेबलावर छापील तक्ते ठेवले आहेत: वर खर्च, मग माफी, मग शिष्यवृत्ती, सगळ्यात खाली कर्ज. ज्यांनी आधार, मार्कशीट आणि पासबुक आणलं आहे त्यांनी आधी तिन्हींवरची नावं जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर तक्ता भरण्याआधी माझ्याकडे या.