गाणे कोणाचे आणि दाम कोणाचे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता आम्ही गाण्यावर बोलणार आहोत. हसू नका. एका गाण्याने आमच्या ज्वारीचा भाव कसा मुका केला, त्याची ही हकीकत आहे.

कापूस काही घरोघर विकता येत नाही. तो जिनिंगलाच जातो. पण ज्वारी, तुरीची डाळ, ज्वारीचे पीठ हे शहरातल्या ग्राहकाला थेट देता येते. म्हणून आमच्या गटाने मोबाईलवर ऑनलाइन सभा घेतली. शिकलेली पोरे तिला वेबिनार म्हणतात. पुण्या-मुंबईचे ग्राहक आपापल्या घरी बसून पाहत होते आणि आम्ही खळ्यावरून बोलत होतो. सभा रंगतदार व्हावी म्हणून गटातल्या पोरांनी मागे एक गाजलेले सिनेमाचे गाणे लावले. हेतू वाईट नव्हता. पाहुणा येणार म्हणून सडा घालावा, तसे ते लावले होते.

सभा झाली. जे त्या वेळी हजर नव्हते त्यांच्यासाठी तिचे चित्रीकरण इंटरनेटवर चढवले आणि शेकडो लोकांना पाठवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गाण्याच्या जागेचा सगळा आवाज बंद. गाणे तर गेलेच, त्याबरोबर आमचे बोलणेही गेले. आणि गाणे नेमके कोठे होते? जेथे आम्ही क्विंटलचा भाव, पोत्याचे वजन आणि मागणी नोंदवायचा फोन नंबर सांगत होतो, तेथेच. लोकांना आमचे तोंड हलताना दिसले, भाव ऐकू आला नाही. पाठवलेल्या चित्रीकरणावरून एकही मागणी आली नाही.

आम्ही चिडलो. बड्यांनी शेतकऱ्याचा आवाज दाबला, असे म्हणू लागलो. तेव्हा गटातली एक म्हातारी माय शांतपणे म्हणाली, "गाणं कोनाचं व्हतं? त्याले इचारलं व्हतं का?"

भावांनो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आपल्या मालाचे दाम आपल्याला न विचारता ठरवले जाते, हेच आपले गाऱ्हाणे. मग ज्याने गाणे लिहिले, चाल लावली, गायले, वाजवले, त्याचा माल आपण न विचारता, फुकट उचलून आपला माल विकायला वापरावा, हे कोणत्या तोंडाने?

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाण्यात एकाचा नाही, अनेकांचा हक्क असतो. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ज्याने पैसा घालून केले त्याचे. बटईच्या शेतासारखेच आहे. जमीन एकाची, कसणारा दुसरा. एकाला विचारले म्हणजे दुसऱ्याचा वाटा संपत नाही. गायक-वादकांनाही त्यांच्या सादरीकरणाचा वेगळा हक्क आहे.

पूर्वी गीतकार-संगीतकार एकदाच रक्कम घेऊन सही करून देत आणि पुढे गाण्याने कितीही कमाई केली तरी त्यांच्या हाती काही पडत नसे. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातले गाणे थिएटरबाहेर वापरले गेले तर त्याच्या मानधनातला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकारांना सोडून देता येणार नाही, असे ठरले. माल बांधावरच देऊन मोकळे व्हायचे आणि नफा पुढच्याने खायचा, हे दुखणे आपल्याला समजावून सांगायला नको.

हक्क मोडला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा लिहिलेली आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केले नसेल तर कोर्टाला शिक्षा कमी करता येते. पण माल विकायची सभा ही फायद्यासाठीच असते, हे विसरू नका.

चार गैरसमज

पहिला: "लग्नाच्या वरातीत बँड वाजतो, तेव्हा कोण विचारते?" बरोबर आहे. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांना कायद्यानेच कलम ५२ मध्ये सूट दिली आहे. विक्रीच्या सभेला ती सूट नाही.

दुसरा: "दहा-वीस सेकंद वाजवले तर चालते." असा सेकंदांचा नियम कायद्यात कोठेही नाही. चिमूटभर घेतले तरी विचारूनच घ्यावे.

तिसरा: "खाली गायकाचे नाव लिहिले की झाले." शेजाऱ्याचे बैल न विचारता जुंपले आणि औताला त्याच्या नावाची पाटी लावली, तर ती परवानगी होते का?

चौथा: "आम्ही दरमहा पैसे भरून मोबाईलवर गाणी ऐकतो." ते पैसे ऐकण्याचे आहेत. बियाण्याचेच पाहा. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला बियाणे राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा, विकायचाही हक्क दिला. पण कंपनीच्या छापाच्या पिशवीत भरून, तिच्या नावाने विकायचा दिला नाही. प्रत्येक हक्काला बांध असतो. गाणे ऐकणे एक, त्यावर धंदा उभा करणे दुसरे.

आणि पकडणार कोण, असे म्हणू नका. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. हक्कदार आपल्या गाण्याचा नमुना तिच्याकडे देऊन ठेवतो आणि चढवलेले प्रत्येक चित्रीकरण ती त्याच्याशी जुळवून पाहते. तिला माणूस लागत नाही, रात्रंदिवस चालते.

मग करायचे काय?

पहिला मार्ग मोकळ्या परवान्याच्या संगीताचा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत चित्रीकरणाला लावण्यासाठी फुकट संगीत मिळते. काहींना नाव द्यावे लागत नाही, काहींना द्यावेच लागते. ते तेथेच लिहिलेले असते. तेथले संगीत दुसऱ्या ठिकाणी वापरायचे तर आधी अटी वाचा. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने आहेत. त्यात तीन खुणा ओळखा. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी मनाई, म्हणजे आपल्या विक्रीच्या सभेला ते चालत नाही. 'एनडी' असेल तर बदल करायला मनाई, आणि चित्राला संगीत जोडणे हा बदलच धरला जातो. नुसते 'बाय' असेल तर कर्त्याचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करून वापरता येते. उतरवून घेतल्या दिवशीच परवान्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा. सातबारा जपतो तसा तो जपा.

दुसरा मार्ग जुन्या ठेव्याचा. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो आणि ते सर्वांचे होतात. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत. कापसाच्या मुलखातल्या आमच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांची गाणी १९५२ मध्ये छापली गेली. तेही शब्द आता मोकळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांची मुदत २०२८ अखेरपर्यंत आहे. पण ध्यानात ठेवा, शब्द मोकळे म्हणजे कॅसेट मोकळी नव्हे. अभंग तुकोबांचा असला तरी त्याला कोणा संगीतकाराने लावलेली चाल त्याची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे. त्यांची मुदत वेगळी मोजावी लागते.

तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत जास्त पटला. आपल्याच गावात भजनी मंडळ आहे, डफ वाजवणारा आहे, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या माया आहेत. परंपरेची ओवी, गावची चाल, आपल्या माणसाचा गळा आणि आपल्याच मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण. मुंबईच्या ग्राहकाला सिनेमाचे गाणे रोजच ऐकू येते, जात्याची घरघर येत नाही.

मात्र तेथेही फुकट नाही! गावचा आहे म्हणून चहावर भागवायचे, हे चालणार नाही. पैसे द्या आणि कागद करा. कागदावर लिहा: कोणते गाणे, कशासाठी, किती वर्षे, कोणत्या मुलखात आणि किती मोबदला. कायदा असा आहे की मुदत लिहिली नाही तर ५ वर्षे धरतात आणि मुलूख लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. आपली सभा परदेशातला मराठी माणूसही पाहणार असेल तर तसे स्पष्ट लिहा.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. लोक जमेपर्यंत पाच मिनिटे आणि निरोप घेताना, एवढेच संगीत पुरे. भाव सांगताना मागे काहीही वाजवू नका. आपल्याकडे मोबाईलची रेंज बेताचीच असते, संगीतात बोलणे बुडून जाते. ग्राहक आला आहे तो ज्वारी कोणती, कोठली आणि काय भावाने, ते ऐकायला.

यंदा आम्ही तसेच केले. ज्या म्हाताऱ्या मायने प्रश्न विचारला, तिच्याच चार ओव्या सभेच्या सुरुवातीला लावल्या. तिला पाचशे रुपये दिले आणि कागदावर अंगठा घेतला. गाण्याचे पैसे मिळतात हे तिला खरे वाटेना. नोटा मोजून म्हणाली, "एवढी वर्सं दळलं, गायलं. दाम पयल्यांदा भेटलं."

भावांनो, दाम मागणाऱ्याने दाम देणाराही असले पाहिजे. ज्या ज्या गटाची ऑनलाइन सभा ठरली असेल, त्याने आधी गाण्याचा कागद करावा आणि मगच भावाची पाटी लावावी. एवढे येथे ठरवू आणि मगच उठू.