भूमिकेचें देणें

चित्रपटांतील नटाला एका रात्रींत नांव मिळतें, अशी लोकांची समजूत आहे. काल ज्याला रस्त्यांत कोणी ओळखत नव्हतें, त्याच्या भोंवतीं आज गर्दी जमते, हें दिसतें खरें. परंतु ती भूमिका देणारानें त्याच्या ठिकाणीं काय पाहिलें, त्यानें ती घेतांना काय पणाला लावलें, आणि नांव झाल्यानंतर त्याच भूमिकेनें त्याच्याकडून काय वसूल करून घेतलें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मराठींत 'देणें' या शब्दाला देणगी आणि कर्ज असे दोन अर्थ आहेत. प्रभात फिल्म कंपनीचे अवघे दोन चित्रपट पाहिले तरी नटाच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ कसे खरे ठरतात, तें ध्यानांत येईल.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हां तारामतीच्या कामासाठीं त्यांना एकही स्त्री मिळाली नाहीं. शेवटीं साळुंके नांवाच्या, उपाहारगृहांत काम करणाऱ्या एका तरुणाला लुगडें नेसवून त्यांनीं वेळ निभावली. पुढें १९३२ सालीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरास त्याच कथेवर 'अयोध्येचा राजा' हा बोलपट केला. त्यांत तारामती झाल्या त्या दुर्गाबाई खोटे. मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरांची ही कन्या. महाविद्यालयापर्यंत शिकलेली, मोठ्या घरीं दिलेली. सासरची संपत्ति ओसरली, पदरीं दोन लहान मुलें, आणि कुलीन स्त्रीनें चार पैसे मिळविण्याचे मार्ग त्या काळीं अगदींच थोडे. अशा स्थितींत १९३१ सालीं त्यांनीं 'फरेबी जाल' या चित्रपटांत एक लहानसें काम पत्करलें. तें चित्र पडलेंच, शिवाय घराण्याचें नांव गेलें म्हणून चोहोंकडून टीका झाली. अशा वेळीं बहुतेक स्त्रियांनीं दार लावून घेतलें असतें.

नेमक्या याच वेळीं शांताराम यांनीं त्यांना तारामतीची भूमिका दिली. यांत योजकाची दृष्टि दिसते. राणीपणाचा आव आणणारी नटी सांपडणें कठीण नव्हतें. पण ऐश्वर्य उपभोगलेली, तें गेलेलें पाहिलेली, आणि तरीही मान ताठ ठेवून चालणारी स्त्री मिळणें कठीण होतें. गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र मोठ्या थाटाचा आहे. त्यांचें गाणें तर विचारावयासच नको. मात्र दासी होऊन दुसऱ्याच्या घरीं राबणारी तारामती पाहतांना नाटकी रडारडीची अपेक्षा करणाऱ्या प्रेक्षकाला एक वेगळाच संयम दिसतो. जी टीका काल बाईंच्या वाट्यास आली होती, ती या चित्रानंतर ओसरली. इतकेंच नव्हे, तर सुशिक्षित घरांतील मुलींना हा व्यवसाय निदान विचारांत घेण्याजोगा वाटूं लागला. दुर्गाबाईंचें खरें चातुर्य मात्र यापुढें दिसतें. त्या तारामतीच्याच होऊन राहिल्या नाहींत. एका कंपनीशीं कायमचें बांधून न घेतां त्यांनीं कलकत्त्यास जाऊन काम केलें. १९३६ सालच्या 'अमरज्योति'मध्यें पुरुषांच्या जुलुमाविरुद्ध उठलेली दर्यावरची लुटारू स्त्री रंगविली. आणि १९६० सालीं 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाईपर्यंत मजल मारली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा हा सन्मान! भूमिकेचें ऋण त्यांनीं असें व्याजासह फेडलें.

सर्वांनाच हें साधतें असें नाहीं. प्रभात कंपनी पुण्यास आल्यावर दामले व फत्तेलाल यांनीं १९३६ सालीं 'संत तुकाराम' काढला. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहांत तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांत जिजाईचें काम करणारी गौरी ही कोणी नामांकित नटी नव्हती. कंपनींत साधी चाकरी करतां करतां ती जमावाच्या दृश्यांत उभी राहूं लागली होती, एवढेंच. हातांत पायतण घेऊन, पोराला ओढीत ती विठोबाला जाब विचारावयास देवळांत शिरते, तो प्रसंग ज्यानें पाहिला तो विसरणार नाहीं. नवरा देवाच्या नादीं लागला, तर घरांत दाणा कोठून येणार, हा तिचा प्रश्न आहे. आणि चित्रकर्त्यांनीं तो हंसण्यावारी नेलेला नाहीं, ही त्यांची थोरवी. वैकुंठाचें बोलावणें आलें तरी ती चूल आणि मुलें टाकून निघत नाहीं. कित्येकांच्या मतें या चित्रांतील सर्वांत खरें माणूस तीच, आणि या मतांत बरेंच तथ्य आहे. परंतु एवढें काम करूनही गौरी पुढें नायिका झाली नाहीं. गोरा चेहरा, शहरी बोलणें, गोड गळा यांचा बाजार तेव्हांही तेजींतच होता. तिच्या रांगड्या अभिनयाला शोभेल अशी दुसरी जिजाई कोणी लिहिली नाहीं.

तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हे तेव्हां चव्वेचाळिशींत होते. तरुणपणीं नाटक मंडळींत त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या. पुढें संगीतशिक्षक म्हणून त्यांचा चरितार्थ चाले, आणि भजनाचा नाद होता. त्यांच्या निवडीविषयीं कंपनींतच कित्येकांना शंका होती. स्त्रीपार्टाची वळणें अंगांत मुरलेला माणूस, मऊ बोलणें, खालीं पाहणारी नजर. हा कसला नायक? परंतु शेवटीं ती निवड कायम राहिली. ज्या गोष्टी वीरनायकाच्या ठिकाणीं उणीव ठरल्या असत्या, त्याच संताच्या ठिकाणीं सहज शोभल्या. पागनीस अभिनय करतात असें क्षणभरही वाटत नाहीं. अभंग म्हणतांना ते तानांची आतषबाजी करीत नाहींत. बोलतां बोलतां शब्दांनाच सूर लागावा तसें तें गाणें उमटतें. गवई मंडळींना हें सोपें वाटेल, पण येत असलेली तान आवरून धरणें किती कठीण, हें त्यांनाच चांगलें ठाऊक असतें. अनेक वर्षें मुलांना गाणें शिकविणाऱ्या माणसाच्या अंगीं हा साधेपणा आलेला असावा.

या यशानें पागनिसांना उत्तरायुष्यांत अलोट कीर्ति दिली आणि त्याच क्षणीं त्यांची दुसरी रूपें पुसून टाकलीं. लोक त्यांना नट म्हणून पाहीनातच. त्यांच्या पुढें हात जोडूं लागले. मग निर्मात्यांनींही तोच मार्ग धरला. १९३९ सालीं ते 'संत तुलसीदास' झाले, १९४० सालीं 'नरसी भगत' झाले, १९४३ सालीं 'महात्मा विदुर' झाले. रंगभूमीवर नाना स्त्रिया रंगविणाऱ्या या नटाला मनांतून एखादा लोभी सावकार किंवा रंगेल सरदार करावासा वाटला असेल काय? वाटला असला तरी तसें काम त्यांच्याकडे घेऊन जाण्याची छाती कोणाची होती! संताच्या प्रतिमेला धक्का लागला तर तिकिटांची विक्री बसेल, हा हिशेब निर्मात्यांना पक्का ठाऊक होता.

१९४३ सालींच ते वारले. तुकोबांच्या हयातींत काढलेलें अस्सल चित्र कोणापाशीं नाहीं; म्हणून 'संत तुकाराम'नंतर दिनदर्शिकांवर व तसबिरींत जे तुकोबा छापले गेले, त्यांतील कित्येकांचा चेहरा पागनिसांचाच आहे. देव्हाऱ्याजवळ लावलेल्या अशा तसबिरीला हार घालणारांपैकीं पुष्कळांना पागनीस हें नांव ठाऊकही नसतें.