शब्दाला जामीन



आमच्या पलूसच्या बाजूला ‘जामीन’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. एकीकडे कृष्णेचें पाणी आणि दुसरीकडे दुष्काळी माळ अशा या मुलखांत बियाण्यापासून लग्नकार्यापर्यंत कर्ज काढावें लागे. आणि कर्ज आलें कीं जामीनदारहि आला. दुसऱ्याच्या शब्दाखातर स्वतःचें घरदार पणाला लावणें, हा त्या शब्दाचा अर्थ. व्ही. शांताराम या नट-दिग्दर्शकाचें चरित्र पाहतांना मला हाच शब्द वारंवार आठवतो. तो कां आठवतो, तेवढेंच आज आपणांस सांगणार आहें.

शांताराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजीं कोल्हापुरांत झाला. शिक्षण बेताचेंच. पोरवयांत ते गंधर्व नाटक मंडळींत राहिले. ज्या बालगंधर्वांची ही मंडळी, त्यांचें नागठाणें हें गांव पलूसजवळच कृष्णाकांठीं आहे. परंतु त्या वैभवशाली रंगभूमीवर या मुलाला मोठेंसें स्थान मिळालें नाहीं. पुढें हुबळीस रेल्वेच्या कारखान्यांत काम आणि तेथल्याच एका चित्रगृहांत किरकोळ चाकरी, अशी त्यांची उमेदवारी झाली. नंतर कोल्हापुरास येऊन ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत शिरले. तेथें पडदे रंगविणें, सामान वाहणें, फिल्म धुणें आणि तोंडाला रंग लावून उभें राहणें हीं सारींच कामें अंगावर पडत. चित्रपटाचा धंदा त्यांच्या हाताला आधीं समजला आणि मग बुद्धीला.

१९२५ सालीं पेंटरांनीं ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील या मूकपटांत शांतारामांनीं तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. सावकार जमीन गिळतो, आणि जमिनीचा धनी शहरांत मजूर होऊन राबतो, एवढीच ती कथा. देवादिकांच्या चमत्कारांनीं भरलेल्या त्या काळच्या पडद्यावर आपलें स्वतःचें दुःख पाहून खेडुताला काय वाटलें असेल, याची कल्पना आमच्या भागांतील माणूस सहज करूं शकेल.

१९२७ सालच्या ‘नेताजी पालकर’पासून शांताराम दिग्दर्शक झाले. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भागीदारींत त्यांनीं कोल्हापुरास ‘प्रभात’ स्थापन केली. १९३२ त ‘अयोध्येचा राजा’ बोलूं लागला आणि १९३३ त कंपनी पुण्यास गेली. तेथें १९३५ सालीं एक विलक्षण योग आला. ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्वांनीं संत एकनाथांची भूमिका केली, आणि त्यांना दिग्दर्शन करणारे होते शांताराम! चित्रपटाचें मूळ नांव ‘महात्मा’. त्या नांवांत सरकारला गांधीजी दिसले आणि तें बदलावें लागलें. अस्पृश्याला जवळ करणाऱ्या एकनाथांची ही कथा त्या वेळीं केवळ जुनी राहिली नव्हती, हें सरकारनेंच अशा रीतीनें कबूल केलें.

त्यानंतर ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे तीन चित्रपट १९३७ ते १९४१ या अवधींत आले. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली मुलगी, वेश्येवर जीव जडलेला पोलीस, दुरावलेले हिंदु-मुसलमान मित्र, असे हे विषय. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, यांपैकीं एकाहि चित्रपटांत शांताराम स्वतः नट म्हणून पुढें आले नाहींत. ज्याला अभिनय येतो आणि ज्याच्या हातीं कंपनी आहे, त्याला नायक होण्याचा मोह आवरणें सोपें नसतें.

हा मोह त्यांनीं मोडला तो पुढें, फार थोड्या वेळां. त्यांतल्या दोन भूमिका मला महत्त्वाच्या वाटतात. १९४२ त त्यांनीं मुंबईस ‘राजकमल’ काढलें, आणि १९४६ सालीं चीनमध्यें रुग्णसेवा करतांना देह ठेवणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची भूमिका स्वतः केली. दुसरी भूमिका १९५७ सालच्या ‘दो आंखें बारह हाथ’मधील तुरुंगाधिकाऱ्याची.

या दुसऱ्या कथेचें मूळ आमच्याच बाजूला आहे. पलूसहून ईशान्येस, विटें ओलांडून गेलें कीं आटपाडीचा माळ लागतो. तो पूर्वी औंध संस्थानांत होता. संस्थानाधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत, १९३९ च्या सुमारास, तेथें ‘स्वतंत्रपूर’ वसलें. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाचा त्या प्रयोगाला हात होता. खुनासारख्या गुन्ह्यांचे कैदी तेथें भिंतीवांचून राहत आणि शेती करीत. अशा धाडसाला आमच्या भागांत पूर्वपीठिकाहि होती. पलूसशेजारच्या किर्लोस्करवाडींत, याच पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमलें होतें.

आटपाडीशेजारच्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनीं ही कथा लिहिली. सहा खुनी, एक ओसाड माळ आणि स्वतःच्या जबाबदारीवर त्यांना मोकळे सोडणारा एक अधिकारी. कैद्यांची भाजी स्वस्त विकली जाते, व्यापाऱ्यांचें नुकसान होतें, आणि शेवटीं उभ्या पिकावर बैल सोडले जातात. तीं पिकें वांचवितांना अधिकारी प्राण देतो. हें दृश्य घेतांना बैलाशीं झालेल्या झटापटींत शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली आणि कांहीं काळ पट्टी बांधून अंधारांत राहावें लागलें. १९५९ च्या ‘नवरंग’च्या आरंभीं त्यांनीं स्वतःच पडद्यावर येऊन त्या अंधारांत दिसलेल्या रंगांची हकीकत सांगितली आहे.

या चित्रपटाला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें व १९५८ सालीं बर्लिनचा मान मिळाला. पण म्हणून त्यांतील उणीव झांकूं नये. येथला अधिकारी फार निष्कलंक आहे. त्याला संशय शिवत नाहीं. खरा माणूस रात्रीं दार लावतांना एकदां तरी दचकला असता. शिवाय चित्रपट अधिकाऱ्याच्या मरणापाशीं संपतो. स्वतंत्रपुराचें खरें काम मात्र रोज सकाळीं नव्यानें सुरू होई. ती वसाहत संस्थान गेल्यावरहि खुलें कारागृह म्हणून चालत राहिली, हेंच तिचें मोठें पारितोषिक होय.

फ्रान्सचे झाँ रन्वार यांनींहि १९३९ सालीं आपल्याच एका चित्रपटांत भूमिका केली. पण ती सर्वांचा मित्र असूनहि कोणाच्या उपयोगीं न पडणाऱ्या माणसाची. त्यांनीं स्वतःच्या वर्गाची उलटतपासणी केली. शांतारामांनीं दुसऱ्याची हमी घेतली. दोन्ही कामें प्रामाणिक आहेत. परंतु आमच्या मुलखाला दुसरें अधिक ओळखीचें वाटतें.

१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजीं ते निवर्तले. माणूस सुधारतो असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठीं जामीन कोण राहतो, एवढेंच विचारावयाचें असतें. ‘सावकारी पाशां’तला तो शेतकरी बत्तीस वर्षांनीं पडद्यावर परत आला, तो त्या कागदावर सही करण्यासाठींच, असें मला वाटतें.