परसातील तलाव आणि भुईतील पाणी

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पोहण्याचे धडे गिरवले ते विहिरीत. पाठीला सुकलेला भोपळा बांधायचा आणि काठावरून उडी टाकायची, एवढाच त्या शाळेचा प्रवेशविधी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पोहण्याचे पाणी घरोघरच्या परसात आले. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा यांसारख्या उष्ण राज्यांत घरामागे जमिनीत बांधलेला तलाव ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वरवर पाहता विहीर काय आणि तलाव काय, दोन्ही पाण्याने भरलेले खड्डेच. परंतु दोहोंचा धर्म अगदी उलटा आहे. विहीर भुईतल्या पाण्याला आत बोलावते. तलाव त्याला बाहेर थोपवून धरतो. सगळी मेख आहे ती या थोपवण्यातच.

तलाव बांधण्याची रीत तशी सरळ आहे. आखणी करून खड्डा खणावयाचा, त्यात नळ बसवावयाचे, लोखंडी सळयांची जाळी विणावयाची आणि तिच्यावर काँक्रीटचा थर चढवावयाचा. हा थर बहुधा फवारून देतात. या युक्तीचा जनक कोणी स्थापत्यविशारद नव्हता. कार्ल एकली हा मृत प्राण्यांची कातडी भरून त्यांना जिवंतपणाचा आभास देणारा कारागीर शिकागोच्या फील्ड संग्रहालयात काम करीत असे. संग्रहालयाच्या इमारतीचा उखडलेला दर्शनी भाग दुरुस्त करण्यासाठी त्याने 1907 साली एक यंत्र तयार केले. कोरडी वाळू व सिमेंट दाबलेल्या हवेने नळीतून यावयाचे, तोंडाशी त्यात पाणी मिसळावयाचे आणि तो मारा भिंतीवर जाऊन घट्ट बसावयाचा. पुढे तलाव बांधणाऱ्यांनी हे तंत्र उचलले. साच्याच्या फळ्यांची गरज उरली नाही आणि तलावाला हवा तो वळणदार आकार देता येऊ लागला.

एवढे भक्कम बांधकाम झाल्यावर भीती कसली, असे कोणालाही वाटेल. परंतु 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव घ्यावा. त्यात सुमारे 75,000 लिटर, म्हणजे 75 टन पाणी मावते. भिंती व तळ 20 सेंटीमीटर जाडीचे धरले, तर काँक्रीटचे वजन साधारण 45 टन भरते. तलाव भरलेला असतो तेव्हा हे सारे वजन त्याला जमिनीत दाबून ठेवते. साफसफाईसाठी तो उपसला, की उरतात ते 45 टन. अशा वेळी पावसाने भोवतालचे भूजल तलावाच्या निम्म्या उंचीपर्यंत चढले, तर त्याचा वर ढकलणारा जोर या वजनाच्या बरोबरीला येतो. याहून पाणी चढले, तर काठाची माती धरून ठेवील तेवढाच आधार. आर्किमिडीजचा सिद्धांत काँक्रीट आणि लाकूड असा भेद करीत नाही. रिकामा तलाव म्हणजे जमिनीत रुतलेली नौकाच. ती तरंगू पाहते. तळ उचलला जातो, नळ तुटतात, भिंतींना तडे जातात आणि कित्येक महिन्यांची मेहनत व पैसा वाया जातो.

म्हणून जाणता बांधकाम करणारा आधी खड्डा घेऊन पाणी किती खोलीवर लागते ते पाहतो. तळाखाली खडीचा थर घालतो आणि सर्वांत खोल जागी एक झडप बसवतो. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ही झडप आपोआप उघडते आणि ते पाणी आत घेते. आणि जाणता मालक ऐन पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करीत नाही.

विहीर उपसली तरी जागची हलत नाही, कारण तिचा तळ मोकळा असतो. आलेल्या पाण्याला ती वाट देते. परसातला तलाव सुरक्षित राहतो तोही अखेर याच गुणाने. त्या झडपेच्या रूपाने भुईतल्या पाण्यासाठी विहिरीचे दार त्यालाही ठेवावेच लागते.